रविवार आणि रात्र

‘श्यामची आई’ मी वर्गात वर्षानुवर्षे ‘मुलांचे, जरा रडवे पुस्तक’ म्हणून बाजूला ठेवत आलो. नुकतीच ती विनोबांच्या ‘गीता प्रवचनां’पाठोपाठ पुन्हा वाचली आणि ते मत टिकेना.

वर्धेकरांना विनोबा नवे नाहीत. पण ही प्रवचने वर्ध्याची नव्हेत. ती १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी झाली आणि लिहून घेतली साने गुरुजींनी. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्याच हातातून अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ उतरली. तिकडे अठरा अध्यायांची अठरा प्रवचने, इकडे बेचाळीस रात्री. दोन्हीकडे एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. गंमत अशी, की श्यामचे श्रोते मुले नाहीतच, आश्रमातले सोबती आहेत; उलट कर्मयोग उलगडताना विनोबा मुलालाही कळतील असे घरगुती दृष्टान्त देतात. बोलण्याचा हा घाट गुरुजींनी धुळ्यात उचलला, हे सिद्ध करता येणार नाही. मला मात्र तसा दाट संशय आहे.

शिवाय आई दोन्हीकडे आहे. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती, सोपी मराठी गीता हवी होती. ती १९१८मध्ये गेली. ‘गीताई’ रचून झाली १९३१मध्ये, ऐकायला ती नसताना. श्यामही आई गेल्यावरच बोलू लागतो.

यंदा दोन्ही पुस्तके एमएच्या वर्गात एकत्र लावली आहेत.