शिक्का, मोर्तब आणि मधला मजकूर

भोर तालुक्यातील रांझे हे गाव इतिहासात ठाऊक आहे ते एका पत्रामुळे. २८ जानेवारी १६४६ या तारखेचे हे पत्र. गावचा पाटील बाबाजी गुजर याला बदअमलाबद्दल शिक्षा झाली आणि मुकादमी त्याच्या भाऊबंदाकडे गेली, असे त्यात नमूद आहे. न्यायाची कथा म्हणून ते वारंवार सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु शिवाजी महाराजांची राजमुद्रा उमटलेल्या उपलब्ध अस्सल पत्रांत हे सर्वांत जुने मानले जाते, ही बाब सहसा एका वाक्यात उरकली जाते. आपण क्षणभर मजकूर बाजूला ठेवून कागदाकडेच पाहू.

मुद्रा अष्टकोनी आहे. अक्षरे देवनागरी, भाषा संस्कृत. दख्खनच्या दरबारांत तेव्हा मुद्रांची भाषा बहुधा फारसी असे. खुद्द जिजाबाईंची मुद्राही फारसीत होती. अशा काळात पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावाने निघालेली ही मुद्रा प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढत जाण्याचे आणि लोककल्याणाचे अभिवचन देते. राज्य अजून हाती यायचे होते. त्याची ओळख मात्र आधीच ठरली होती!

पुढील पत्रांतून या ओळखीची शिस्त स्पष्ट दिसते. माथ्यावर शिक्का, खाली बोरूने लिहिलेला मोडी मजकूर, आणि मजकूर संपतो तेथे लहानशी मर्यादामुद्रा, म्हणजेच मोर्तब. ‘शिक्कामोर्तब’ हा आपल्या नित्याच्या बोलण्यातला शब्द येथूनच आला. मोर्तब झाल्यावर खाली एक ओळही घुसडता येऊ नये, असा त्यामागचा हेतू. वतनाच्या भांडणांत बनावट कागद सर्रास पुढे केले जात. अशा वेळी गरीब वतनदाराची जमीन राहते की जाते, हे कधीकधी या एवढ्याशा ठशावर अवलंबून असे. आपल्या धर्मग्रामाच्या कचेरीतून बाप्तिस्म्याचा दाखला घेताना सहीशेजारच्या शिक्क्याकडे आपली नजर आपोआप जाते, ती उगीच नव्हे.

आज ज्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात, ते काम येथे कोणा एकाचे नव्हते. मजकूर बाळाजी आवजींसारखा चिटणीस सिद्ध करी. त्यानंतर कागद सुरनिसाकडे जाई. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी या पदाला सचिव हे संस्कृत नाव मिळाले, आणि अण्णाजी दत्तो त्या पदावर होते. राजपत्र तपासावे, अधिकउणे अक्षर शुद्ध करावे आणि संमतीचे चिन्ह करावे, हे सचिवाचे काम. थोडक्यात, मुद्रितशोधकाचेच म्हणा ना!

याच पदावरून पुढे भोर संस्थान उभे राहिले. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले. मोगलांशी झुंजत त्यांनी राजगड-तोरण्याचा वेल्ह्याकडील मुलूख राखण्यासाठी पराकाष्ठा केली. त्यांच्या वंशजांनी, म्हणजे पंतसचिवांनी, १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत भोरवर राज्य केले. मुद्रितशोधकाच्या घराण्याला संस्थान मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. अर्थात ते लेखणीपेक्षा तलवारीच्या बळावर मिळाले, हे आपल्या मासिका-त्रैमासिकांच्या मुद्रितशोधकांनी ध्यानात ठेवावे.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले. त्यावरील संत जॉर्जचा क्रूस गेला आणि निळी अष्टकोनी ढाल आली. तिचा आकार याच मुद्रेवरून घेतलेला आहे. हल्ली पुस्तकाच्या आतल्या पानावर मुखपृष्ठकाराचे नाव छापतात. या मुद्रेवर मात्र ती कोरणाऱ्याचे नाव नाही. नावे आहेत ती पित्याची आणि पुत्राची.

पुणे-सातारा रस्त्यावर उभे राहिले, तर कितीतरी गाड्यांच्या काचांवर ही मुद्रा चिकटवलेली दिसते. तीत शिक्का तेवढा असतो. मोर्तब कोणी लावत नाही.