शालेय पोषण आहारातील पोषणमानांचा इतिहास : एकोडी (जि. भंडारा) परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

बीजसंज्ञा : शालेय पोषण आहार, पोषणमान, उष्मांक, प्रथिने, धान उत्पादक प्रदेश, अन्नाचा हक्क

प्रस्तावना

शाळेत शिकणाऱ्या बालकास मध्यान्ही किती व कोणते अन्न मिळावे, हा प्रश्न वरकरणी केवळ आहारशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात भारतात त्याचे उत्तर आहारशास्त्राबरोबरच प्रशासन, न्यायसंस्था आणि अंदाजपत्रक यांनी घडविले आहे. १९९५ ते २०१५ या दोन दशकांत शालेय आहाराचे मोजमाप ज्या एककात केले गेले, ते एकक वारंवार बदलले. प्रथम ते धान्याचे वजन होते, नंतर ताटातील उष्मांक व प्रथिने झाले आणि त्यापुढे प्रत्येक घटकाचे ग्रॅम ठरले. या बदलांचा अर्थ साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या धान पिकविणाऱ्या गावाच्या संदर्भात तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

शाळेत भोजन देण्याची कल्पना भारतात नवीन नाही. मद्रास महानगरपालिकेने १९२० च्या दशकात आपल्या शाळांत मध्यान्ह भोजन सुरू केले होते. याच काळात कुन्नूर येथील प्रयोगशाळेत भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे संशोधन चालू होते. डॉ. डब्ल्यू. आर. ऐक्रॉइड यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेमुळे भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रथमच सर्वसामान्य वापरासाठी उपलब्ध झाली. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबाद येथे हलविण्यात आली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपास आली. बालकास किती पोषण लागते, याचे ज्ञान अशा प्रकारे स्वातंत्र्यापूर्वीपासून विकसित होत होते. तथापि, ते देशभरातील शाळांना बंधनकारक होण्यास अनेक दशके जावी लागली.

भंडारा जिल्हा तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मालगुजारी तलावांच्या आधारे येथील धानशेती उभी राहिली. धान निघण्याच्या सुमारास बांधीतील ओलीवर लाखोळी, जवस यांसारखी पिके घेण्याची येथील जुनी रीत आहे. लाखोळीच्या अतिसेवनाने पायांचा लकवा होतो, या कारणास्तव १९६१ मध्ये केंद्रीय अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत तिच्या विक्रीस मनाई करणारी तरतूद करण्यात आली. त्यामुळे या परिसरातील गरिबांच्या घरातली स्वस्त डाळ बाजारातील व्यवहारात संशयास्पद ठरली. या प्रदेशात भात मुबलक, परंतु चांगल्या डाळीची उपलब्धता मर्यादित अशी स्थिती दिसते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

धान्याचे माप

केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शिक्षणास पोषण साहाय्य देणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी २२ नोव्हेंबर १९९५ पासून झाली. शाळेत ८० टक्के उपस्थिती असणाऱ्या विद्यार्थ्यास दरमहा ३ किलो तांदूळ घरी नेण्यासाठी देण्यात येत असे. या टप्प्यावर पोषणमान असे काही अस्तित्वात नव्हते, होते ते केवळ वजन. घरी गेलेला तांदूळ संपूर्ण कुटुंबाच्या चुलीवर शिजत असे. पाच माणसांच्या कुटुंबात ३ किलोची वाटणी केल्यास प्रत्येकाच्या वाट्यास रोज केवळ २० ग्रॅम येतात. योजनेने पटनोंदणी व उपस्थितीस प्रोत्साहन दिले असले, तरी बालकाने प्रत्यक्ष काय खाल्ले, याचे उत्तरदायित्व कोणावरही नव्हते.

ताटाचे माप

२००१ मध्ये दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. सरकारी गोदामांत धान्य भरलेले असताना लोक उपाशी का, हा तिचा मूळ प्रश्न होता. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने शासकीय व शासन अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक बालकास वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने देणारे शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक केले. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने अन्न शिजविण्याचा खर्च पालकांकडून घेण्यास मनाई केली आणि स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य देण्याचे निर्देश दिले.

हा बदल मूलगामी होता. आहाराचे मोजमाप कुटुंबाकडून बालकाकडे व महिन्याकडून दिवसाकडे आले. दिलेले अन्न मानकापेक्षा कमी आहे, असे म्हणण्याचा अधिकार पालकास प्रथमच प्राप्त झाला. २००६ मध्ये केंद्र शासनाने प्राथमिक स्तरासाठी हे मान ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असे वाढविले. २००७ मध्ये शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांतील सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना योजनेत घेऊन त्यांच्यासाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने निश्चित करण्यात आली.

घटकांचे माप

उष्मांक व प्रथिने डोळ्यांना दिसत नाहीत. शाळेतील स्वयंपाकिणीस वजन समजते. म्हणून मानकाचे रूपांतर घटकांत करण्यात आले. प्राथमिक स्तरासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजीपाला व ५ ग्रॅम तेल हे प्रमाण ठरले. उच्च प्राथमिक स्तरासाठी १ डिसेंबर २००९ पासून ते अनुक्रमे १५०, ३०, ७५ व ७.५ ग्रॅम असे सुधारण्यात आले.

या प्रमाणाचे गणित भातप्रधान प्रदेशासाठी विशेष बोलके आहे. १०० ग्रॅम धान्यातून सुमारे ३४०, डाळीतून ७०, भाजीतून २५ व तेलातून ४५, असे एकूण ४८० उष्मांक मिळतात. तांदळातील प्रथिने साधारण ७ ग्रॅम व डाळीतील ५ ग्रॅम धरल्यास बेरीज जेमतेम १२ ग्रॅम होते. समजा, ताटात डाळ निम्मीच पडली, तर उष्मांक ४४५ राहतात. ही घट सुमारे ७ टक्के असल्याने पोट भरल्यासारखे वाटते. प्रथिने मात्र ९.५ ग्रॅमवर, म्हणजे सुमारे २० टक्क्यांनी खाली येतात. शिवाय तांदळातील प्रथिनांत जी उणीव असते, ती डाळच भरून काढते. आमटी पातळ झाली की मानक कोसळते आणि भाताच्या राशीमुळे ते लक्षातही येत नाही.

रुपयाचे माप

तांदूळ केंद्राकडून वस्तुरूपाने येतो. त्यामुळे त्याच्या बाजारभावाचा परिणाम ताटावर होत नाही. डाळ, तेल, भाजीपाला व इंधन यांची तरतूद मात्र अन्न शिजविण्याच्या खर्चातून होते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कडधान्ये व तेल पुरवठादारामार्फत पोहोचविण्याची आणि भाजीपाला व इंधनासाठी शाळेस रक्कम देण्याची पद्धत रूढ झाली. हा खर्च १ मे २०२५ पासून प्राथमिक विद्यार्थ्यामागे प्रतिदिन ६.७८ रुपये व उच्च प्राथमिक विद्यार्थ्यामागे १०.१७ रुपये निश्चित झाला. दराची सुधारणा ठराविक काळाने होते, बाजारभाव मात्र दररोज बदलतो.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने पोषणमानांना कायद्याच्या अनुसूचीत स्थान दिले. २०१५ च्या नियमांनी आहार न दिल्यास विद्यार्थ्यास धान्य व रक्कम भत्ता म्हणून देण्याची तरतूद केली. म्हणजे भोजन चुकल्यास भरपाई आहे, परंतु डाळ कमी पडल्यास दाद मागण्याचा तितका सरळ मार्ग नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक दिवस अंडी देण्याचा निर्णय झाला व अंडी न खाणाऱ्यांसाठी फळाचा पर्याय ठेवण्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा अतिरिक्त निधी थांबवून तो खर्च लोकसहभागावर सोपविण्यात आला. प्रथिनांचा प्रश्न पुन्हा गावाच्या ऐपतीवर येऊन ठेपला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, शालेय आहाराचे मानक धान्याकडून ताटाकडे सरकले, तेव्हाच ते बालकाचा हक्क बनले. परंतु त्या हक्काचा जो भाग वस्तुरूपाने सुरक्षित आहे, तो तांदूळ होय. एकोडी परिसराची उणीव भाताची नाही, डाळ व भाजीची आहे. जिथे घरीही भात व शाळेतही भात, तिथे उष्मांकांची पूर्तता ही योजनेच्या यशाची पुरेशी कसोटी ठरत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने अन्नाची चव पाहण्याबरोबरच शिजण्यापूर्वी डाळीचे वजन पाहणे आणि शासनाने डाळीची तरतूद तांदळाइतकीच भाववाढीपासून मुक्त ठेवणे, या दोन गोष्टी झाल्याशिवाय १२ ग्रॅमचे मानक धान उत्पादक प्रदेशातील बालकाच्या ताटात पूर्णांशाने उतरणार नाही.