रंगाच्या आतले काम

मंदिराचा जीर्णोद्धार पुरा झाला की भाविकांची दृष्टी प्रथम रंगावर जाते. रंग उजळ असला म्हणजे काम उत्तम झाले, असे सर्वजण म्हणतात. परंतु रंग हा शेवटचा हात होय. तो टिकणार की दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघणार, हे खालच्या अस्तरावर ठरते. या कामाचा इतिहास पाहावयाचा असेल तर पुण्याच्या मंडईचा परिसर पुरेसा आहे.

मंडईलगत तुळशीबागेतील श्रीराम मंदिर आहे. नारो आप्पाजी खिरे ऊर्फ तुळशीबागवाले यांनी १७६१ च्या सुमारास ते काम आरंभिले व पुढे कित्येक वर्षे ते चालू होते. जवळच नाना फडणीस यांनी उभारलेले बेलबागेतील लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. त्या काळी बांधकाम वीट, दगड, लाकूड व चुन्याचे असे. चुनखडी भट्टीत भाजावी, ती पाण्यात विरवावी, वाळूसह बैलाच्या घाणीत मळावी आणि मग गिलावा करावा, अशी रीत होती. चुन्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर, तागाचे तुकडे घालीत. वरचा पातळ थर ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घोटून घोटून त्यास चकाकी आणीत. यालाच घोटाई म्हणतात. चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो, तरी आतील ओल बाहेर सोडतो. म्हणूनच अशा भिंती दीर्घकाळ टिकल्या.

पुढे इंग्रजी अंमलात मंडईची इमारत झाली. वासुदेव बापूजी कानिटकर यांनी तिचे बांधकाम केले आणि १८८६ मध्ये ती 'रे मार्केट' या नावाने खुली झाली. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील खर्चास विरोध केला होता. लोकांचा पैसा आधी शिक्षणाकडे जावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्याच मंडईस त्यांचे नाव देण्यात आले. या इमारतीच्या काळ्या दगडी भिंती उघड्याच ठेवल्या आहेत. घडीव दगडाला रंगाची गरज नसते, हा धडा प्रत्येक देवस्थानाने घेण्यासारखा आहे. दगडावर अगर चुन्यावर तैलरंग दिला की ओल आत कोंडते व पृष्ठभाग फुगून सुटतो.

तैलरंगाचे खरे स्थान लाकूड व लोखंड हे होय. १९०२ मध्ये हावड्यास शालिमारचा कारखाना निघाला, १९४२ मध्ये मुंबईत एशियन पेंट्सची स्थापना झाली आणि तयार डबे हळूहळू खेडोपाडी पोहोचले. त्यापूर्वी रंगारी जवसाच्या तेलात सफेता खलून रंग करीत. लोखंडाला गंज लागू नये म्हणून तेलात कालवलेल्या शेंदराचे अस्तर देत. सफेता व शेंदूर दोन्ही शिशाचे, म्हणून विषारी. आता घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. जुना रंग कोरडा घासल्यास ती भुकटी श्वासावाटे शरीरात जाते. तो ओला करूनच घासावा व लहान मुलांना दूर ठेवावे.

दरवाजा, महिरप, मखर यांस गुळगुळीत रंग द्यावयाचा तर क्रम असा. लाकूड पूर्ण वाळलेले असावे. गाठींवर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडी लाखेचा हात द्यावा, नाहीतर राळ पाझरून डाग उमटतो. मग अस्तर द्यावे. अस्तराने लाकडाचे तंतू उभे राहतात व धूळही चिकटते. म्हणून ते वाळल्यावर बारीक काचकागदाने तंतूंच्या दिशेने घासावे. खिळ्यांची भोके व खाचा लांबीने भराव्यात. जाड एक थर न देता पातळ दोन थर द्यावेत, कारण जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो व पुढे तडकतो. वाळल्यावर पुन्हा घासून, धूळ ओलसर फडक्याने पुसून, लांबी भरलेल्या जागी पुन्हा अस्तराचा हात द्यावा. अन्यथा त्या जागा तेल शोषून निस्तेज दिसतात. शेवटी दिवा बाजूला धरून पाहावे. समोरून न दिसणारा उंचवटा तिरप्या उजेडात उघडा पडतो, आणि चकचकीत रंग असे दोष झाकीत नाही, उलट वाढवून दाखवितो.

एवढ्या कामाला रंग देण्याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. घाई झाली की प्रथम कात्री लागते ती यालाच. कारण अस्तरावर कोणाचे नाव लागत नाही. देणगीदारांची रक्कम कष्टाची असते. ती दोन वर्षांच्या झगमगाटावर खर्च व्हावी की पुढील पिढीने जपावयाच्या कामावर, हा निर्णय ग्रामस्थांच्या हाती असतो. रंगाचा डबा आणण्यापूर्वी रंगाऱ्यास वाळवणीचे व घासणीचे दिवस मोजून द्यावेत, म्हणजे त्या रकमेचे चीज होईल.