परदेशी पक्ष्यांची ऐच्छिक नोंदणी (भारत)

परदेशी पक्षी पाळणाऱ्यांनी आपल्याकडील पक्ष्यांची माहिती आपणहून सरकारला द्यावी, यासाठी केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाने जून २०२० मध्ये आखलेली योजना. वन्यजीव व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांतले सगळेच सजीव परदेशी प्राणी तिच्या कक्षेत होते. पक्ष्यांपैकी मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे पोपट हे त्यांतले ठळक. बजरीगर आणि कॉकाटिएल परिशिष्टांत नसल्याने घरोघरचे कितीतरी पिंजरे मात्र बाहेरच राहिले.

सहा महिन्यांत माहिती देणाऱ्याकडे पक्षी कोठून आणला याची कागदपत्रे मागायची नाहीत, ही योजनेतील मुख्य सवलत. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाने पडताळणी करून प्रमाणपत्र द्यायचे आणि पुढे पिल्ले झाली, पक्षी दगावला किंवा दुसऱ्याकडे गेला, तर मालकाने तेही कळवायचे.

सवलतीमागचा विचार रास्त होता. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचा भर देशी प्रजातींवर असल्याने, एकदा देशात शिरलेल्या मकावाचा माग वनखात्याकडे राहत नसे. शिक्षेची भीती घातली असती तर मालक पुढे आलेच नसते. पण याच सवलतीने नोंदीतला जीव काढून घेतला. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी आणि जंगलातून पकडून चोरून आणलेला पक्षी, दोघांनाही सारखेच प्रमाणपत्र मिळू शकले. हा फरक दाखवणारी चांगली खूण म्हणजे पायातली अखंड रिंग. ती पिल्लू काही दिवसांचे असतानाच चढते, मोठ्या पक्ष्याच्या पायात जात नाही. अशी रिंग किंवा मायक्रोचिप नसेल, तर मेलेल्या पक्ष्याच्या प्रमाणपत्रावर दुसरा पक्षी खपवणे अवघड नाही. मकाव अनेक दशके जगतो, हात बदलतो. अशा पक्ष्याची नोंद खुणेविना टिकत नाही. साठा मोजण्याची पहिली पायरी म्हणून योजना उपयोगी ठरली, तस्करीला आळा घालण्याचे साधन म्हणून अपुरी.

२०२२च्या दुरुस्तीने ‘साइट्स’मधील प्रजाती अधिनियमाच्या अनुसूची ४ मध्ये आल्या आणि कलम ४९-एम नुसार माहिती देणे बंधनकारक झाले. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. देशी पोपट या नोंदणीत कधीच बसत नव्हता. तो पाळणे आजही गुन्हा आहे.