गळ, गांडुळे आणि टपालखाते

गळाने मासे धरणे हा आपल्याकडे थोड्यांचा छंद आणि पुष्कळांचे पोट. अमेरिकेत मात्र तो कोट्यवधी लोकांचा सुटीचा दिवस आहे. म्हणूनच तिथल्या तळ्याकाठच्या गावात गळ, दोरा, रीळ आणि काठ्या विकणारे छोटे दुकान हटकून असायचे. हे दुकान पहाटे उघडायचे. तिथे जिवंत गांडुळे मिळायची, मासेमारीचा सरकारी परवाना मिळायचा आणि काल मासा कुठे लागला हेही फुकटात कळायचे. ही दुकाने इंटरनेटने बुडवली, असे सर्रास म्हटले जाते. मला मात्र या गोष्टीची सुरुवात बरीच मागे दिसते.

या दुकानांचा पहिला प्रतिस्पर्धी होता टपालखाते. चार्ल्स ऑर्व्हिस यांनी १८५६ साली व्हरमाँट राज्यातल्या मँचेस्टर गावी मासेमारीच्या साहित्याचे दुकान काढले आणि पुढे टपालाने माल पाठवायला सुरुवात केली. १८९६ पासून अमेरिकेत खेड्यापाड्यांत घरपोच टपाल जाऊ लागले, १९१३ साली पार्सलसेवा आली. कॅटलॉग चाळून माल मागवायची सवय लोकांना तेव्हाच लागली.

पुढची गंमत पाहा. १९६१ साली डिक कॅबेला या नेब्रास्कातल्या गृहस्थाने गळाला लावायच्या नकली माश्या विकायला वर्तमानपत्रात जाहिरात दिली. प्रतिसाद आला एकच! मग त्याने, टपालखर्चाचे २५ सेंट पाठवा आणि पाच माश्या फुकट घ्या, अशी जाहिरात मासिकांत दिली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झालेला हा धंदा पुढे ‘कॅबेलाज’ या नावाने देशभर पसरला. १९७२ साली जॉनी मॉरिस या तरुणाने मिझुरीत वडिलांच्या दारूच्या दुकानात एका कोपऱ्यात गळ मांडले आणि १९७४ साली कॅटलॉग काढला. तीच आजची ‘बास प्रो शॉप्स’. म्हणजे छोट्यांना गिळणारे मोठे मासेही छोट्या डबक्यातच जन्मले होते.

पण लढत बरोबरीची नव्हती. १९६७ साली आणि पुन्हा १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की ज्या विक्रेत्याचे एखाद्या राज्यात दुकान वा गोदाम नाही, त्याला त्या राज्याचा विक्रीकर गोळा करायची सक्ती करता येणार नाही. राज्याचा कर सहा टक्के धरा. शंभर डॉलरच्या काठीचे गावचा दुकानदार १०६ डॉलर घेणार, परराज्यातला विक्रेता शंभरच. कायद्याने तो कर ग्राहकाने स्वतः भरायचा होता. पण असा कर कोण भरतो? हा नियम झाला कॅटलॉगवाल्यांसाठी, त्याचा फायदा मिळाला १९९५ नंतरच्या इंटरनेटवरच्या दुकानांना. लोक गावातल्या दुकानात येत, काठी हातात तोलून पाहत, चार प्रश्न विचारत आणि घरी जाऊन ती दुसरीकडून मागवत. अखेर २०१८ साली, साउथ डकोटा राज्याच्या खटल्यात, न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जुना नियम रद्द केला. तोवर पन्नास वर्षे उलटून गेली होती.

दरम्यान परवानेही इंटरनेटवर मिळू लागले. परवान्यासाठी आलेले गिऱ्हाईक दोन-चार गळ घेऊन जायचे, ती विक्रीही घटली.

मोठ्यांनाही सुख लाभले नाही. २०१७ साली बास प्रोने कॅबेलाज विकत घेतली आणि त्या कंपनीवर जगणाऱ्या सिडनी या नेब्रास्कातल्या छोट्या गावातल्या शेकडो नोकऱ्या गेल्या. ऑर्व्हिसने २०२४ साली आपला छापील कॅटलॉग बंद करत असल्याचे जाहीर केले.

छोट्या दुकानाकडे मग उरले काय? जिवंत आमिष अजूनही पहाटे पाच वाजता पार्सलने येत नाही. रीळ दुरुस्त करायला, त्यावर दोरा भरून घ्यायला माणूस लागतो. आणि आज पाणी गढूळ आहे, पलीकडच्या काठाला जा, हे सांगणाराही लागतो. या सल्ल्याचे मोल आजवर गळाच्या किमतीत दडलेले होते. गळ दुसरीकडून घेतला, की सल्ल्याचे पैसे कोणीच देत नाही. दुकान बंद होते तेव्हा त्या पाण्याची वर्षानुवर्षांची माहितीही दुकानदाराबरोबर घरी जाऊन बसते. ती कुठल्याही कॅटलॉगमधून मागवता येत नाही.