माणदेशांतील घोंगडीची शिवण : दफ्तरांच्या वेष्टनांविषयीं एक टिपण

गेल्या मार्गशीर्षांत सिद्धनाथाच्या रथोत्सवानिमित्त आम्ही म्हसवडास गेलों होतों. तेथें भेटलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आग्रह करून आम्हांस दहिवडीच्या बाजूस असलेल्या आपल्या गांवीं नेलें व घरांतील दफ्तर पुढें ठेविलें. कागद मोडी असून बहुतेक वतनाच्या तंट्याचे व घरखर्चाचे आहेत. त्यांचा विचार स्वतंत्रपणें करूं. प्रस्तुत टिपण त्या कागदांविषयीं नसून ते ज्यांत बांधले होते त्या काळ्या घोंगडीच्या तुकड्याविषयीं आहे. "गुरुजी, कागद जेवढे जुने तेवढंच हे कांबळं बी जुनं," असें यजमानांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. जुन्या कागदांच्या शोधांत हिंडणाऱ्या प्रत्येकानें असें वाक्य दहा ठिकाणीं ऐकलें असेल, आणि आमच्याप्रमाणें दहाहि वेळां मान डोलाविली असेल.

या वेळीं मात्र आम्हीं मान डोलाविली नाहीं. त्याचें कारण चाळीस वर्षांपूर्वींच्या आमच्याच एका चुकींत आहे. त्या वेळीं आम्ही शाळेंत नवीन होतों, आणि शेजारच्या गांवीं असाच एक गठ्ठा आमच्या हातीं आला. त्याचें तोंड शिवलेलें होतें. सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें तेव्हांपासून हा गठ्ठा कोणीं उघडलाच नाहीं, असें घरच्यांचें म्हणणें होतें. आम्हीं चाकूनें शिवण उसविली, दोरा बाजूस टाकिला आणि अधाशासारखे कागद वाचावयास बसलों. पुढें त्यांतील एका पत्राच्या खरेपणाविषयीं वाद उपस्थित झाला. गठ्ठा खरोखरच १८४८ पासून बंद होता काय, या प्रश्नावर बोलूं शकेल असा साक्षीदार एकच होता, तो म्हणजे तो दोरा. आणि त्याला तर आम्हींच केरांत घातलें होतें. शिवण यंत्राची होती कीं हाताची होती हेंहि आम्हांस आठवेना. यंत्राची असती तर घरच्यांचें म्हणणें तेथल्या तेथें खोटें ठरलें असतें. तो वाद अजून मिटलेला नाहीं.

असो. शिवण हा पुरावा कसा होतो हें समजण्यास प्रथम घोंगडी कशी होते तें पाहिलें पाहिजे. म्हसवडचें नांव इतिहासाच्या वाचकांस संताजी घोरपड्यांचा १६९७ सालीं घात करणाऱ्या नागोजी मान्यामुळें परिचित आहे. पण या मुलखाचें खरें चरित्र मेंढरांच्या पाठीवर लिहिलेलें आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा कोरडा माळ; येथें मेंढरें जगतात व मेंढरांवर माणसें जगतात. लोंकर वर्षांतून दोनदां कातरतात. कोंकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोंकरीस जावळ म्हणतात, व जावळाची घोंगडी सर्वांत मोलाची. सूत धनगरांच्या घरीं काततात आणि सणगर तें खड्ड्याच्या मागावर विणतात. ताण्यास चिंचोक्यांची खळ पाजून कुंच्यानें ती सारखी करितात. नव्या घोंगडीला जो ताठरपणा असतो तो या खळीचा. धोटा एका हातानें फेंकून दुसऱ्या हातानें झेलावयाचा, त्यामुळें विणकऱ्याचे हात पोहोंचतील त्याहून पन्हा अधिक ठेवितां येत नाहीं. रुंद घोंगडी पाहिजे असेल तर दोन पट्ट्या जोडणें प्राप्त होतें. कच्छांतील रबारी लोकांच्या ढाबळाची हीच रीत आहे.

ही रीत आजकालची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, कोशांत घ्यावयाच्या मौल्यवान् वस्तूंच्या प्रकरणीं, मेंढीच्या लोंकरीच्या वस्त्रांचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत 'खण्डसंघात्य' असा एक आहे. तुकडे एकत्र जोडून केलेलें, हा त्याचा सरळ अर्थ. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास हा ग्रंथ छापून काढिला तेव्हां राजनीतीच्या अभ्यासकांस जो आनंद झाला त्याची पुष्कळ चर्चा झाली. कांबळ्यांच्या अभ्यासकांसहि त्यांत कांहीं आहे याकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. पाणिनीनें तर 'कम्बल' शब्दापासून होणाऱ्या एका संज्ञेसाठीं स्वतंत्र सूत्र केलें आहे, आणि काशिकाकार ती संज्ञा शंभर पलें लोंकरीची असें सांगतात. म्हणजे एका कांबळ्यास किती लोंकर लागते याचा ठराविक हिशोब त्या काळीं बाजारांत रूढ असला पाहिजे. सुईचा उल्लेख याहूनहि जुना आहे. ऋग्वेदांत राका देवतेपाशीं, न तुटणाऱ्या सुईनें तिनें आपलें काम शिवावें, असें मागणें केलें आहे. सुई तुटण्याचें दुःख किती पुरातन आहे हें यावरून दिसतें. पुढें तें आमच्याहि वांट्यास आलें.

आम्हीं माणदेशांत ज्या तीन जुन्या घोंगड्या बारकाईनें पाहिल्या त्यांचा सांधा एकाच पद्धतीचा आहे. दोन पट्ट्यांचे काठ एकमेकांस भिडवावयाचे, एकावर एक चढवावयाचे नाहींत. आणि दाभणानें, लोंकरीच्याच पिळदार दोऱ्यानें, एकदां या काठाच्या व एकदां त्या काठाच्या धाग्यांतून टांका घेत जावयाचें. सांधा सपाट बसतो, पाठीस टोंचत नाहीं. पावसांत भिजून लोंकर आटली म्हणजे दोराहि तिच्याबरोबर आटतो व कांहीं वर्षांनीं दोरा कोणता आणि कापड कोणतें हें बोटांस कळत नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. फ्रान्सांत तिमोनिए यानें १८३० सालीं एका दोऱ्याचें सांखळी टांक्याचें यंत्र केलें. दोन दोरे कापडाच्या पोटांत एकमेकांस अडकविणाऱ्या टांक्याच्या यंत्राचा हक्क अमेरिकेंत एलियास हौ यानें ता. १० सप्टेंबर १८४६ रोजीं मिळविला, व १८५१ सालीं आयझॅक सिंगर यानें आपलें यंत्र पुढें आणिलें. हिंदुस्थानांत त्याचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशांत झाला. सिंगर कंपनीचें येथील काम नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनीं दीर्घकाळ पाहिलें, आणि हप्त्यानें पैसे घेण्याच्या सोयीमुळें यंत्र सामान्य शिंप्याच्या आटोक्यांत आलें. कलकत्त्यास उषा यंत्रें १९३५-३६ च्या सुमारास होऊं लागलीं. यंत्रमात्राकडे संशयानें पाहणाऱ्या गांधीजींनींहि १९२४ सालीं शिवणयंत्रास अपवाद म्हणून मोकळें सोडलें होतें. येथें संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. ज्यांच्या घरीं सिंगरचें जुनें यंत्र असेल त्यांनीं त्याच्या पाटावरील क्रमांक उतरून ठेवावा. १९०० सालापासून या क्रमांकांच्या आधीं अक्षर येऊं लागलें, व क्रमांकावरून यंत्र कोणत्या सालीं तयार झालें हें काढितां येतें. आपल्याकडील किती ताम्रपटांना इतका स्पष्ट शक असतो?

यंत्राची शिवण ओळखावी कशी? साध्या धांवदोऱ्यांत एका बाजूस टांका असतो तेथें दुसऱ्या बाजूस मोकळी जागा असते. तेव्हां तेथें फसण्याचें भय नाहीं. भय आहे तें हातानें घातलेल्या टिपेचें. ती वरून यंत्रासारखीच सलग दिसते; पण उलटून पाहिल्यास खालचे टांके लांब व एकमेकांवर चढलेले आढळतात. यंत्राच्या शिवणींत दोन्ही अंगें सारखीं असतात, टांक्यांची लांबी ढळत नाहीं, आणि वरचा दोरा व खालचा दोरा निरनिराळ्या रंगांचे असूं शकतात. भिंगानें पाहावें, दोरा ओढूं नये. अनुमानाची मर्यादाहि ध्यानांत ठेविली पाहिजे. यंत्राची शिवण असेल तर ती १८४६ च्या आधींची असूं शकत नाहीं, आणि आपल्या खेड्यापाड्यांत तर त्यानंतर तीसएक वर्षें सोडूनच विचार करावा. परंतु हाताची शिवण असेल तर तीवरून कांहींच सिद्ध होत नाहीं. घोंगडीचा सांधा आजहि हातानेंच घालतात.

तो हातानेंच कां घालतात, हा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसूं देईना. म्हणून घरीं एक प्रयोग केला. फाटक्या घोंगडीच्या दोन पट्ट्या घेऊन आमच्या सौभाग्यवतींच्या पायाच्या यंत्रावर ठेविल्या. "यंत्राखाली घालायला ही काय चोळी आहे?" असें त्यांनीं विचारलें, व तें योग्यच होतें. चौदा नंबरची सुई दोन इंचांत वांकून तुटली. सोळा नंबरची टांके गाळूं लागली. अठरा नंबरची घालून, टांका लांब करून, दाबाची स्प्रिंग ढिली करून व चाक हातानें फिरवून शिवण झाली खरी. पण खालचे दांते खालची पट्टीच ओढीत असल्यामुळें वरची पट्टी बोटभर मागें राहिली, आणि बॉबिनच्या घरांत इतकी लव सांचली कीं तें उघडून साफ करावें लागलें. मुख्य अडचण याहून निराळी आहे. सरळ शिवणीच्या यंत्रास काठ एकमेकांवर चढविल्याशिवाय जोड घालतां येत नाहीं, आणि चढविले कीं खांद्यावर वरवंटा उभा राहतो. शिवाय सुती दोरा लोंकरीबरोबर आटत नाहीं. तो तसाच राहतो व सांधा चुणतो.

यावरून यंत्रच निरुपयोगी असें मात्र कोणीं समजूं नये. वाकळ, बैलाची झूल, धान्याची पिशवी, पोथीचें बासन हीं सर्व जाड कामें घरच्या यंत्रावर होतात. यंत्र ओतीव लोखंडाचें व सरळ शिवणीचें असावें इतकेंच. हल्लींचीं हलकीं, पुष्कळ नक्षी काढणारीं यंत्रें दिसावयास गोजिरीं असतात, पण वाकळेच्या दुमडीवर तीं बसकण मारतात. विकत घेतांना वेगाची किंवा मोटरीची चौकशी मागाहून करावी. आपल्या घरचा सर्वांत जाड तुकडा बरोबर न्यावा, त्याची चौपदरी घडी दाबाच्या पायाखालीं शिरते काय पाहावें, आणि चाक हातानें फिरवून सुई सरळ उतरते कीं बाजूस झुकते हें न्याहाळावें. याहून अधिक काम असेल तर शिंप्याचें मोठें यंत्र, किंवा वरूनहि कापड पुढें नेणाऱ्या पायाचें यंत्र लागतें. चामडें शिवणाऱ्यांचें लांब बाहूचें यंत्र, ज्याचा पाय चहूंकडे फिरतो, तें निराळेंच. काठास काठ भिडवून जोडण्याचें काम नागमोडी टांक्याच्या यंत्रास कांहीं अंशीं साधतें, पण जाड लोंकरींत तें समाधानकारक होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां त्या दहिवडीकडील गठ्ठ्याकडे येऊं. वेष्टनाचा मधला सांधा लोंकरीच्या दोऱ्याचा, हाताचा, काठास काठ भिडविलेला होता. तोंडाची दुमड मात्र जाड मेणवलेल्या सुती दोऱ्यानें शिवलेली, दोन्ही अंगांनीं सारखी, दर इंचास सहा टांके. ही यंत्राची शिवण, असें आम्हीं सांगतांच यजमानांचा चेहरा उतरला. तेवढ्यांत आंतून त्यांच्या वृद्ध मातोश्री बाहेर आल्या. वेष्टन हातांत घेऊन त्या म्हणाल्या, "हे मीच शिवून आणलं न्हवं का. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला निघालो, तवा घर बंद करायचं होतं. कागद सांडाया नकोत म्हणून मामांजींनी सांगितलं. शिंपी नको म्हणाला, सुई मोडंल म्हणाला. मग चपला शिवणाऱ्याकडनं टीप मारून आणली."

दुमडीचा काळ असा अनपेक्षितपणें हातीं आला. १९७२ च्या दुष्काळांत घर सोडतांना ज्या घराण्यानें प्रथम कागदांची सोय केली, त्याच्या दफ्तराविषयीं आमचा आदर दुणावला. कांबळें शाहू महाराजांच्या वेळचें ठरलें नाहीं म्हणून खट्टू झालेल्या यजमानांस आम्हीं हेंच सांगितलें. मधल्या पट्ट्यांचा काळ आम्हीं कोराच सोडला आहे.

दफ्तराच्या व्यवस्थेविषयीं दोन शब्द. लोंकरीस कसर लागते, म्हणून घोंगडीचें वेष्टन कागदांस लागून ठेवूं नये. परंतु फेंकूनहि देऊं नये. त्या घरच्या सुनेपाशीं शिवणयंत्र आहे. म्हसवडास १९९७ सालीं स्त्रियांची सहकारी बँक निघाली, तेव्हांपासून अशा वस्तूंसाठीं कर्ज काढणें या बाजूच्या बायकांस परकें राहिलेलें नाहीं. तिनें कोरा मांजरपाट गरम पाण्यांत धुवून त्याची खळ काढिली, वाळविला, आणि सोळा नंबरच्या सुईनें दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत दुपदरी बासन शिवून दिलें. बंद कापडाचेच लाविले. आंकडा, टांचणी कांहीं नाहीं. कागद त्यांत बांधिले. घोंगडीचा तुकडा झटकून, ऊन देऊन, निराळ्या पिशवींत ठेविला. दोरा जसाचा तसा आहे. पिशवींत आम्हीं एक चिठ्ठी घातली आहे : मधला सांधा हाताचा, काळ अज्ञात, तोंडाची दुमड यंत्राची, सन १९७२, घरच्या आजींच्या सांगण्यावरून, उसवूं नये.