गावाने निवडलेली बाई

१९७० साली जामखेडमध्ये जनावरांचा एक जुना, बंद पडलेला दवाखाना होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने त्याच जागेत माणसे तपासायला सुरुवात केली. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून १९५९ साली डॉक्टर झालेले. पुढे अमेरिकेत शिकलेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन नुकतेच परतलेले. मुंबई-पुण्यात त्यांचे काहीच अडले नसते. त्यांनी निवडला तो नगर जिल्ह्याचा, आजच्या अहिल्यानगरचा, बीडच्या हद्दीला टेकलेला कोपरा. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, आणि दिवाळी सरली की घराला कडी घालून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे.

ते तिथे आले त्यामागे ख्रिस्तावरची श्रद्धा होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. १९६० साली लग्न झाले तेव्हाच आपले आयुष्य खेड्यातल्या सर्वांत उपेक्षित माणसांसाठी वापरायचे, असा निश्चय दोघांनी केला होता. पण जामखेडची गोष्ट एका त्यागी डॉक्टर जोडप्याची गोष्ट म्हणून सांगितली, तर तिच्यातला खरा भाग हातातून निसटतो. सेवा करणारे डॉक्टर नगर जिल्ह्याने त्याआधीही पाहिले होते. आरोळ्यांनी डॉक्टरकीतली सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे ज्ञान आणि त्याबरोबर येणारा मान, वाटून टाकायला घेतली. आणि ती दिली कोणाला, तर ज्यांना गावात पाणवठ्याला हात लावू देत नव्हते अशाही बायकांना.

याची मुळे जुनी आहेत. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे केले. मिस सिंथिया फरार यांच्या नगरमधल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याचे मनावर घेतले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामानाने कमी ठाऊक आहे ती खेड्यापाड्यांतल्या मिशनच्या मास्तरांची पिढी. हे मास्तर पुष्कळदा दलित समाजातून ख्रिस्ती झालेले. एका खोलीची शाळा, रविवारी तिथेच प्रार्थना, आणि रात्री कोणाचे पत्र वाचून दाखव, कोणाचा अर्ज लिहून दे, अशी कामे. त्यांच्या बायका आणि इतर ख्रिस्ती स्त्रिया घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवत, पोरींना अक्षरे गिरवायला लावत. यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. रजनीकांत आरोळे १९३४ साली नगर जिल्ह्यातल्या सुपा गावी जन्मले, त्यांचे आई-वडील दोघेही शिक्षक होते. गावात राहून, गावच्या भाषेत, हातात येईल ते शिकवायचे ही रीत त्यांनी घरातच पाहिलेली होती.

याच जिल्ह्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार झाला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यानंतर दुरावलेल्या लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी त्यांचे सोवळे लगेच सुटले नाही. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे मोकळेपणाने सांगितले आहे. धर्म बदलला तरी चूल आणि पाण्याचे भांडे बदलायला किती वेळ लागतो, हे त्या पुस्तकात दिसते. जामखेडच्या गोष्टीतही जातीचा प्रश्न पुन्हा पुन्हा जेवणाच्या ताटापाशी आणि पाण्यापाशीच येतो.

जामखेडआधी आरोळे दांपत्य १९६२ ते १९६६ या काळात नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. तिथे रात्रंदिवस काम होते, रुग्णांची रीघ होती. बायका अडल्या की बैलगाडीतून आणल्या जात, पोरे जुलाबाने सुकून येत. उपचार होई, रुग्ण बरा होई, आणि काही महिन्यांनी तोच रुग्ण, तोच आजार घेऊन परत येई. कारण गावातले पाणी तेच होते आणि घरातली भाकरही तेवढीच होती. रुग्णालय कितीही चांगले चालले तरी आजार जिथे तयार होतो तिथे ते पोचत नाही, ही टोचणी दोघांना लागली. एखाद्याचे समाधान भरलेल्या वॉर्डाकडे पाहून झाले असते. यांचे झाले नाही, आणि दोघे पुन्हा विद्यार्थी होऊन अमेरिकेला गेले. हॉपकिन्समध्ये त्यांना कार्ल टेलर हे शिक्षक लाभले. टेलर हे मसुरीजवळ लंढौरला जन्मलेले, वैद्यकीय मिशनऱ्यांचेच चिरंजीव.

परत आल्यावर बोलावणे येईल तिथेच जायचे, असे त्यांनी ठरवले होते. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावले. काम सुरू होते न होते तोच दुष्काळ आला. १९७२चा दुष्काळ म्हटले की आजही जुन्या माणसांना सुकडी, मिलो आणि खडी फोडायचे काम आठवते. त्या दिवसांत आरोग्याचे प्रवचन कोणी ऐकणार नव्हते. लोकांना हवे होते अन्न आणि पाणी. म्हणून आधी पोरांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला आणि सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसली. मग कूपनलिका आल्या. खोदायच्या कुठे, हा खरा प्रश्न होता. आरोळ्यांनी भूजल शोधणाऱ्या तज्ज्ञाला विश्वासात घेतले आणि जागा दलित वस्तीत धरायला लावल्या. पाणी लागले. ज्या वस्तीकडे गाव फिरकत नव्हते, तिथे आता वरच्या आळीच्या बायका हंडे घेऊन येऊ लागल्या. अस्पृश्यता पाप आहे, असे कोणी त्यांना सांगितले नव्हते. त्यांना पाणी हवे होते, आणि ते तिथे होते. सेवेतली ही चतुराई सात्त्विकतेइतकीच महत्त्वाची वाटते. भोळ्या सेवेने हंडा हलला नसता.

पुरुषांची गोष्ट वेगळी. तरुण शेतकऱ्यांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचा उपयोग झाला. खेळात जात विसरली जाते, खेळानंतर गप्पा होतात, गप्पांतून शेती, विहीर, झाडे असे विषय निघतात. त्यातूनच शेतकरी मंडळे उभी राहिली.

पण गावात आरोग्याचे काम रोज कोण करणार? पहिला विचार प्रशिक्षित परिचारिकांचा होता. तो फसला. शहरात शिकलेली तरुण मुलगी एकटी खेड्यात राहायला तयार होईना, आणि राहिली तरी गावच्या सासवा तिचे ऐकेनात. बाळंतपणाबद्दल कधी बाळंत न झालेल्या पोरीने सांगावे, हे त्यांना पटणारे नव्हते. मग प्रश्न उलटा विचारला गेला. जिचे ऐकले जाईल अशी बाई गावात आधीच असेल, तर तिलाच का शिकवू नये? गावाने निवडायचे, जामखेडने शिकवायचे. निवडून आलेल्या बायका बहुतेक मध्यमवयीन, लिहिता-वाचता न येणाऱ्या. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, आणि कित्येक दलित.

त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत आणि मुक्काम करत. एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, एकत्र झोपायचे. सुरुवातीला या गोष्टी शिकण्यापेक्षा अवघड गेल्या. गावात जिच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तिच्या शेजारी बसून घास घ्यायचा होता. आजारांविषयी शिकवताना आधी त्यांच्याकडूनच ऐकले जाई. गावात काय करतात, का करतात, त्याचा परिणाम काय झाला. पुस्तक नव्हते, म्हणून चित्रे आणि गाणी. पुढच्या आठवड्यात आल्या की गावात काय घडले ते सांगायचे, चुकले असेल ते सुधारायचे, नवे शिकायचे. हे वर्षानुवर्षे चालले.

त्या काय शिकल्या, हे समजण्यासाठी त्या काळच्या बाळंतिणीची खोली डोळ्यांसमोर आणावी लागते. मूल मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल, म्हणून गरोदर बाईने कमी खायचे. नाळ विळ्याने कापायची. पहिला पिवळट चीक वाईट म्हणून पिळून टाकायचा आणि दोन-तीन दिवस बाळाला अंगावर घ्यायचेच नाही. आठवड्याभरात बाळाला झटके येऊन ते दगावले की कोणाची तरी नजर लागली म्हणायचे. हा धनुर्वात होता, आणि तो विळ्यातून आला होता. यातले बरेचसे थांबवायला डॉक्टर लागत नाही. उकळलेले पाते, स्वच्छ दोरा, धुतलेले हात आणि आईला टोचलेली धनुर्वाताची लस लागते. जुलाब झालेल्या पोराचे पाणी तोडायचे नाही, उलट मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजत राहायचे. त्वचेवर चट्टा दिसला, त्यावर टोचलेले कळत नसेल तर महारोगाची शंका घ्यायची, घरच्यांनी माणसाला बाहेर काढण्याआधी औषध सुरू करायचे. खोकला हटत नसेल तर थुंकी तपासायला पाठवायचे.

हे सगळे सासूला, नवऱ्याला, भगताला पटवणे हे त्या बायकांचे काम. आणि ते त्यांनाच जमणारे होते. चीक फेकू नको, हे डॉक्टरने सांगितले तर सासू मान डोलावते आणि घरी जाऊन फेकायलाच लावते. शेजारच्या बाईने स्वतःच्या सुनेला चीक पाजायला लावून, बाळ धडधाकट दाखवून सांगितले, की सासूला उत्तर उरत नाही.

आकडे स्वच्छ आहेत. काम सुरू झाले तेव्हा त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे १७६ मुले पहिल्या वर्षातच जात होती. १९७६पर्यंत हे प्रमाण ५२वर आले. पुढे ते आणखी खाली गेले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यकामांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात जामखेडवर आरोळ्यांचा लेख होता. तीन वर्षांनी, १९७८ साली अल्मा-आटाला जगभरच्या सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेची जाहीर घोषणा केली. १९७९ साली रजनीकांत आणि मेबल यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९० साली रजनीकांत यांना पद्मभूषण.

१९८८ साली मुक्ताबाई पोळ ही जामखेडची आरोग्यसेविका वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलायला उभी राहिली. सभागृहातल्या झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली की डॉक्टर आणि रुग्णालये तशी आहेत, देखणी आणि महाग. मग तिने साधा वातीचा दिवा काढला. हा कुठेही नेता येतो, आणि एकाने दुसरा पेटवता येतो, असे तिचे म्हणणे. ते बोलताना तिच्यासमोर जगभरचे आरोग्यतज्ज्ञ बसले होते.

या आरोग्यसेविका बहुसंख्य हिंदू होत्या आणि तशाच राहिल्या. सेवा हे धर्मांतराचे साधन आहे, असा आरोप मिशनच्या कामावर नेहमीच झाला, आणि काही ठिकाणी त्याला आधारही होता. जामखेडमध्ये गावाने निवडलेल्या बाईला कोणी तिचा देव विचारला नाही. आरोळ्यांची श्रद्धा त्यांच्या रोजच्या वागण्यात होती. परदेशी शिकलेला डॉक्टर निरक्षर बाईच्या शेजारी जमिनीवर बसतो आणि तिचे म्हणणे आधी ऐकतो, यात शिष्यांचे पाय धुणारा येशू ओळखू येतो. ज्याला ओळखू येत नाही, त्यालाही बाईचा वाढलेला मान दिसतोच.

मान वाढला म्हणजे काय झाले, तेही सांगायला हवे. सेविकांना पगार असा नव्हता. किरकोळ मानधन आणि छोट्या धंद्यासाठी थोडे कर्ज, त्यावर त्या बांगड्या विकत, शेळ्या पाळत. ज्या नवऱ्याने टाकले होते, त्याच्याच गावात त्या आता बाळंतपणे करत होत्या. त्यांच्याभोवती महिला मंडळे उभी राहिली आणि बचत, मुलींचे लग्नाचे वय, दारू असे विषय बायका उघड बोलू लागल्या.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या. गावातलीच बाई, गावातच काम, ही कल्पना देशभर गेली, आणि जामखेडच्या वाटेवरचे ते मोठे पाऊल आहे. मात्र ‘आशा’साठी साधारण आठवी शिकलेली बाई हवी, अशी अट आली. अपवादाला जागा ठेवली होती, तरी जामखेडच्या पहिल्या पिढीतल्या बहुतेक जणी त्या अटीत बसल्या नसत्या. नोंदवह्या आणि उद्दिष्टे वाढत गेली. दर आठवड्याला एकत्र जेवून, एकत्र राहून चाललेले ते लांबलचक शिकणे मात्र देशभर नेणे जमले नाही. सरकारला ते अवघड जाणार हे समजते, पण जामखेडचा जीव त्यातच होता.

मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. त्यांची कन्या डॉ. शोभा आणि चिरंजीव रवी यांनी काम पुढे चालवले. जामखेडला आता भारतातून आणि परदेशांतून डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी शिकायला येतात. त्या वर्गांत शिकवणाऱ्यांमध्ये या आरोग्यसेविका असतात. एमबीबीएस झालेला तरुण वही उघडून बसतो, आणि शाळेची पायरी न चढलेली बाई त्याला नवजात बाळाची नाळ कशी बांधायची आणि त्याआधी त्याच्या आजीशी काय बोलायचे, हे मराठीतून सांगते.